पिंपातून उमटलेले सूर : कॅरिबियन वाद्यसंगीत, अभ्यास आणि विसावा

परीक्षांचा हंगाम जवळ आला की जालना शहरातील अभ्यासिकांमध्ये जागा मिळणे अवघड होते. बारावी, प्रवेश परीक्षा, लोकसेवा आयोग, पोलीस भरती अशा नाना तयाऱ्या एकाच टेबलाभोवती चाललेल्या असतात आणि बाहेर रस्त्यावर रिक्षा, ट्रॅक्टर व लग्नाच्या वरातींचा कल्लोळ थांबत नाही. ज्याला घरी स्वतंत्र खोली नाही आणि अभ्यासिकेची फी परवडत नाही, त्याच्यापुढे कानात काहीतरी घालून बाहेरचा आवाज अडविणे एवढाच मार्ग उरतो. या गरजेपोटी शब्दविरहित, संथ आणि तासन् तास चालणारे वाद्यसंगीत ऐकण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. त्यात ‘कॅरिबियन’ या नावाचा विभाग हमखास आढळतो. समुद्राच्या लाटांचा आवाज आणि त्यावर पागोळ्या टपटपाव्यात तसे थोडे धातूचे, थोडे काचेचे सूर. हा आवाज ज्या वाद्याचा आहे त्याचे नाव स्टीलपॅन. हे वाद्य आले कोठून, आपल्याकडील वाद्यांशी त्याचे नाते काय आणि ते ऐकत खरोखर अभ्यास होतो काय, याचा हा परिचय.

पिंपाचे वाद्य कसे घडते

स्टीलपॅन हे वाद्य त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावर विसाव्या शतकात जन्माला आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून हे बेट खनिज तेलासाठी ओळखले जाऊ लागले आणि तेलाबरोबर रिकामी पिंपेही आली. सुमारे २०० लिटरचे हे पिंप म्हणजे आपल्याकडे पाणी साठवायला किंवा बांधकामावर वापरतात तेच. भंगारातील लोखंड वितळवून सळया करणाऱ्या कारखान्यांचे गाव म्हणून ज्यांना जालना परिचित आहे, त्यांना या वाद्याची जन्मकथा विशेष जवळची वाटावी. फरक इतकाच की तेथे भंगार वितळविले गेले नाही, तर ठोकून ठोकून सुरात आणले गेले.

कारागीर प्रथम पिंपाचा सपाट तळ जड हातोड्याने आत दाबत परातीसारखा खोलगट करतो. मग त्यावर प्रत्येक स्वराची जागा आखली जाते. कडेचा उभा भाग हव्या त्या उंचीवर कापतात. उंच स्वरांच्या पॅनला ही कड वीतभरही पुरते, खर्जाच्या पॅनला मात्र जवळजवळ अख्खे पिंप लागते. त्यानंतर पत्रा विस्तवावर तापवून त्याला योग्य तो कडकपणा आणला जातो आणि शेवटी सर्वांत अवघड काम सुरू होते, ते सूर लावण्याचे. लहान हातोडीने खालून-वरून ठोके देत एकेका उंचवट्याला त्याचा स्वर दिला जातो. चांगला कारागीर केवळ मूळ स्वरावर थांबत नाही. त्या स्वराचा वरच्या सप्तकातील षड्ज आणि त्यापलीकडचा पंचमही त्याच उंचवट्यातून नेमका उमटेल अशी तो काळजी घेतो. एका स्वरावर आघात झाला की शेजारचे स्वरही सूक्ष्मपणे झंकारतात. सतारीच्या तरफांची आठवण करून देणारा हा झंकारच स्टीलपॅनच्या आवाजाला ओलावा देतो. वाजविण्यासाठी टोकाला रबर गुंडाळलेल्या दोन आखूड काड्या वापरतात, त्यामुळे पत्र्याचा कर्कशपणा उरत नाही.

मुख्य पॅनवर साधारण अडीच सप्तकांचे स्वर मावतात. खर्जाच्या पॅनवर मात्र जेमतेम तीन-चार स्वर बसतात, त्यामुळे एका वादकाभोवती सहा किंवा नऊ पिंपे उभी करावी लागतात. स्वरांची मांडणी पेटीप्रमाणे ओळीने नसते. षड्ज-पंचम भावाने स्वर एका वर्तुळात मांडण्याची आज प्रचलित असलेली पद्धत अँथनी विल्यम्स यांच्या प्रयोगांतून रूढ झाली. पिंपाचा तळ बाहेर फुगविण्याऐवजी आत दाबण्याचे श्रेय एली मॅनेट यांना दिले जाते. विन्स्टन सायमन आणि बर्टी मार्शल यांची नावेही आद्य कारागिरांत घेतली जातात. संगीताचे रीतसर शिक्षण घेण्याची ऐपत नसलेल्या वस्त्यांमधील ही तरुण मुले होती.

बंदीची परंपरा

या वाद्यामागे एक दीर्घ भांडण आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचा आनंदोत्सव ढोलाशिवाय होत नसे आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना तो ढोल नको होता. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे कार्निव्हलच्या वेळी मशालींच्या मिरवणुकीवरून पोलीस आणि लोक यांच्यात मोठी चकमक झाली. त्यानंतरच्या वर्षांत ढोल वाजविण्यावर निर्बंध आले. लोकांनी मग वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० च्या दशकात बांबूची जागा बिस्किटांचे डबे, मोटारीचे सुटे भाग, कचऱ्याच्या टोपल्या अशा धातूच्या वस्तूंनी घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कार्निव्हल बंद होता, परंतु गल्लीबोळांतील ठोकाठोक थांबली नाही. पोचा पडलेल्या पत्र्याचा स्वर बदलतो हे याच काळात ध्यानात आले आणि युद्ध संपेपर्यंत पिंपावर धून वाजू लागली होती.

प्रारंभी या वादकांना समाजात मान नव्हता. वेगवेगळ्या वस्त्यांच्या पथकांत हाणामाऱ्या होत आणि चांगल्या घरातील मुलांना पॅनच्या आवारात पाऊल टाकण्याची मनाई असे. १९५१ मध्ये निवडक वादकांचे एक पथक लंडन येथील ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ला गेले आणि तेथील कौतुकानंतर मायदेशीची दृष्टी बदलली. बाहेरच्यांनी वाहवा केल्याखेरीज घरच्यांना किंमत कळत नाही, हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. १९६३ पासून ‘पॅनोरामा’ ही वार्षिक स्पर्धा सुरू झाली. १९९२ मध्ये त्रिनिदाद व टोबॅगोच्या पंतप्रधानांनी स्टीलपॅन हे राष्ट्रीय वाद्य असल्याचे घोषित केले आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरविला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्टीलपॅन म्हणजे मुळात विसाव्याचे संगीत, अशी समजूत बाहेरच्या जगात आहे. ती पर्यटकांच्या हॉटेलांनी आणि जहाजांनी पसरविली. पॅनोरामामध्ये शंभराहून अधिक वादक एकदम वाजवितात तेव्हा तेथे कोणाला झोप लागणे शक्य नाही! आपल्या ढोल-ताशा पथकाला कोणी ‘मनःशांतीचे संगीत’ म्हणावे, तसाच हा प्रकार आहे.

ताशाचे नाते

ढोल-ताशाचा उल्लेख केवळ उपमेसाठी नाही. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोहोचले. १९१७ पर्यंत सुमारे दीड लाख भारतीय करारावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी तेथे नेले गेले. त्यांत मराठी माणसे अगदी थोडी. बहुतेक जण भोजपुरी पट्ट्यातील, काही मद्रासकडचे होते. पण त्यांनी सोबत नेलेले एक वाद्य मराठी माणसाला ओळखायला क्षणही लागणार नाही. तेथे त्याला ‘टासा’ म्हणतात. मातीच्या भांड्यावर कातडे ताणून, जाळावर शेकून ते कडक करायचे आणि दोन काड्यांनी वाजवायचे. साथीला मोठा ढोल आणि पितळी झांज. म्हणजे ताशा, ढोल, झांज ही आपल्याकडील मिरवणुकीतील तिकडी सातासमुद्रापार जशीच्या तशी आहे.

मुहर्रमच्या मिरवणुकीत हा ताशा वाजे आणि तिला तेथे ‘होसे’ म्हणतात. मराठवाड्यातील मुहर्रमप्रमाणेच त्रिनिदादमध्येही या मिरवणुकीत हिंदू मजूर सामील होत, आफ्रिकी वंशाचे लोकही येत. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सॅन फर्नांडो शहरात शिरू पाहणाऱ्या या मिरवणुकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक मजूर मृत्युमुखी पडले. ज्या निर्बंधांमुळे एका समाजाने ढोल सोडून बांबू हाती घेतला, त्याच काळातील निर्बंधांनी दुसऱ्या समाजाचा ताशा रक्तात बुडविला. स्टीलपॅनच्या तालावर ताशाचा प्रभाव किती, याविषयी संशोधकांत एकमत नाही. परंतु दोन्ही वाद्ये एकाच बेटावर, एकाच सत्तेच्या रोषातून तगली, हे निर्विवाद आहे.

पुढे भारतीय वंशाचे कलावंत थेट स्टीलपॅनकडे वळले. त्यांतील जित समारू यांचे नाव अग्रगण्य होय. १९५० मध्ये जन्मलेल्या समारू यांनी ‘रेनेगेड्स’ या पथकासाठी संगीतरचना करून १९८२ ते १९९७ या काळात त्याला नऊ वेळा पॅनोरामाचे विजेतेपद मिळवून दिले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंगल पटासार या सतारवादकाने तर पॅन आणि सतार एकत्र आणून आपल्या वाद्यवृंदाचे नावच ‘पँटार’ ठेवले. शांतपणे ऐकण्यासाठी मराठी श्रोत्याने कोठून सुरुवात करावी असे विचारल्यास याच वाद्यवृंदाचे नाव सांगावेसे वाटते.

क्रिकेटप्रेमींना मात्र त्रिनिदादची आठवण वेगळ्या कारणाने असेल. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने पोर्ट ऑफ स्पेन येथेच वेस्ट इंडिजवर पहिला कसोटी विजय मिळविला. त्याच मालिकेत दिलीप सरदेसाई यांनी ६४२ आणि नवख्या सुनील गावसकर यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो गायकाने त्यावर गावसकरांचे गाणेच रचले. एका मराठी फलंदाजाचे पोवाडे कॅरिबियन बेटांवर गायले जावेत, हा योग दुर्मीळच.

काय ऐकावे

कॅरिबियन वाद्यसंगीत स्टीलपॅनपुरते नाही. क्युबामध्ये १८७९ पासून ‘दान्सोन’ हा नृत्यप्रकार प्रचारात आला. बासरी आणि व्हायोलिन यांच्या मेळात तो अतिशय संयत, घरंदाज वाटतो. रुबेन गोन्झालेस या वृद्ध क्युबन पियानोवादकाचा १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला संग्रह संध्याकाळच्या विसाव्यासाठी उत्तम आहे. जमैकाचे गिटारवादक अर्नेस्ट रँगलिन यांचे वादनही त्याच पठडीतील. पोर्तो रिकोमध्ये दहा तारांचे ‘क्वात्रो’ हे वाद्य आहे. त्याचा नाद गिटारपेक्षा चमकदार असतो.

जमैकाच्या ऑगस्टस पाब्लो यांचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण त्यांचे वाद्य मेलोडिका. तोंडाने फुंकून वाजवायची ही लहानशी पेटी शाळकरी मुलांचे खेळणे समजली जाई. पाब्लो यांनी तिला रेगे संगीतात मुख्य स्थान मिळवून दिले. ध्वनिमुद्रक किंग टबी यांच्यासमवेतचा त्यांचा १९७६ चा संग्रह आजही ऐकला जातो. मेलोडिका आणि आपली संवादिनी यांचे तत्त्व एकच आहे, हवेच्या झोताने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या. एकीत हवा फुफ्फुसांतून येते, दुसरीत भात्यातून.

विसाव्यासाठी म्हणून आज जे तासन् तासांचे कॅरिबियन संगीत मिळते, त्यातील पुष्कळसे कोणी वादकाने वाजविलेले नसते. कीबोर्डमध्ये साठविलेला स्टीलपॅनचा कृत्रिम नाद, त्यावर लाटांचा आवाज, असा तो मामला असतो. कानाला त्याचा त्रास होत नाही, पण खऱ्या पॅनमधील झंकार त्यात नसतो. एकदा खरे वादन ऐकलेल्यास फरक तत्काळ कळतो.

पेटीचा लेहरा

इतक्या दूर जाण्याची गरज आहे काय, असाही प्रश्न कोणी विचारील. जालन्याच्या श्रोत्याने तो जरूर विचारावा. संवादिनीवादक पं. अप्पा जळगावकर मूळचे जालन्याकडचे. १९२२ मध्ये जन्मलेल्या अप्पांनी पुढे पुण्यात वास्तव्य केले आणि पं. भीमसेन जोशी, डॉ. वसंतराव देशपांडे यांच्यासह कित्येक थोर कलावंतांना साथ केली. २००० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १६ सप्टेंबर २००९ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या वाद्याला त्यांनी आयुष्य वाहिले, त्यावर आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, वाद्य परके आहे, हे आक्षेप होते. म्हणजे अप्पांच्या उमेदीची वर्षे या बंदीच्या छायेतच गेली. त्रिनिदादच्या ढोलावर पोलिसांनी घातलेली बंदी आणि पेटीवर संगीताच्या जाणकारांनी घातलेली बंदी एका मापाने मोजता येणार नाही, तरी दोन्ही वाद्ये लोकांनीच टिकविली, हे साम्य मनात राहते.

अभ्यासाच्या दृष्टीने पेटीवरील लेहऱ्याला विशेष महत्त्व आहे. तबल्याच्या एकल वादनात पेटीवर किंवा सारंगीवर एकच धून तालाच्या एका आवर्तनात बसवून पुन:पुन्हा वाजविली जाते. ती बदलत नाही, चकित करीत नाही, लक्ष वेधून घेत नाही. तिचे काम काळ मोजण्याचे. वाजविणाऱ्यासाठी हे काम किती कठीण आहे ते साथीदारच जाणे, परंतु ऐकणाऱ्याला असा आवर्तनी सूर पार्श्वभूमीसाठी आदर्श ठरतो. जगभर अभ्यासासाठी म्हणून जे संगीत तयार केले जाते, त्याची रचना नेमकी अशीच असते. लहानशी धून, सतत पुनरावृत्ती, शब्द नाहीत. दीर्घ विसाव्यासाठी १९६७ मध्ये निघालेली पं. शिवकुमार शर्मा, पं. हरिप्रसाद चौरसिया आणि पं. ब्रिजभूषण काब्रा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आहेच. काश्मीरमधील मेंढपाळाच्या एका दिवसाची कल्पना तीत संतूर, बासरी आणि गिटार यांतून साकारली आहे.

अभ्यास खरोखर होतो काय?

पालकांच्या आणि मुलांच्या वादाचा हा मुख्य मुद्दा. संगीताने बुद्धी वाढते ही समजूत १९९३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने पसरली. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची रचना ऐकवली असता आकृतींविषयीच्या कोड्यांत त्यांना किंचित अधिक गुण मिळाले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला, हे मात्र लोक विसरले. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बालकांना संगीताच्या तबकड्या देण्यासाठी सरकारी पैसा मागितला, इतके हे वेड पसरले. पुढील तपासण्यांत दिसले की मोझार्टमध्ये खास काही नव्हते. प्रसन्न वाटले की थोडा वेळ काम बरे होते, एवढाच त्याचा अर्थ.

पाठांतराच्या बाबतीत निष्कर्ष अधिक कठोर आहेत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि त्यांचे सहकारी पिएर सलामे यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अंक क्रमाने लक्षात ठेवण्याचे काम दिले होते. गाण्याचे शब्द कानावर पडत असता स्मरण अधिक बिघडले, निव्वळ वाद्यसंगीताने त्या मानाने कमी. कारण सरळ आहे. वाचलेले आपण मनातल्या मनात उच्चारून धरून ठेवतो आणि बाहेरचे शब्द त्याच जागेत घुसतात. समजत असलेल्या भाषेतील गाणे म्हणूनच अभ्यासाचा वैरी होय. त्यानंतर ब्रिटनमध्येच झालेल्या आणखी एका अभ्यासात आवडते आणि नावडते, दोन्ही प्रकारच्या संगीताने क्रमवार स्मरण शांततेच्या तुलनेत घटले. ‘मला आवडते म्हणून त्रास होत नाही’ ही सबब त्यामुळे टिकत नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा. इतिहासाच्या सनावळ्या, सूत्रे, कायद्याची कलमे पाठ करताना शांतताच उत्तम. नकाशे रंगविणे, वही उतरविणे, सरावाची तीच ती गणिते सोडविणे अशा कामांना संथ वाद्यसंगीत चालते, कंटाळा दूर ठेवते. आणि जेथे शांतता मिळणारच नाही, तेथे रस्त्यावरच्या भोंग्यापेक्षा आणि शेजारच्या दूरचित्रवाणीपेक्षा शब्दविरहित संगीत निश्चितच बरे. जालन्यातील मुलाची निवड बहुधा शांतता आणि संगीत यांमध्ये नसते. ती दोन आवाजांमध्ये असते.

विसाव्याच्या बाबतीत मात्र संगीताची बाजू भक्कम आहे. हंगेरीमध्ये २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झोपेच्या तक्रारी असलेल्या ९४ तरुणांपैकी ज्यांनी तीन आठवडे झोपण्यापूर्वी ४५ मिनिटे शांत अभिजात संगीत ऐकले, त्यांच्या झोपेत सुधारणा झाली. पुस्तकांचे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांत तसा फरक पडला नाही. इटालियन हृदयरोगतज्ज्ञ लुचियानो बर्नार्डी यांच्या २००६ मधील प्रयोगात २४ जणांना सहा प्रकारचे संगीत ऐकविण्यात आले. त्यांत भारतीय रागसंगीतही होते. लय द्रुत झाली की श्वास आणि नाडी वाढे. परंतु शरीर सर्वांत अधिक शांत झाले ते मध्येच सोडलेल्या दोन मिनिटांच्या निःशब्द विरामात. पन्नास मिनिटे अभ्यास झाल्यावर दहा मिनिटे पॅन किंवा बासरी ऐकावी आणि मग थोडा वेळ काहीही ऐकू नये, हा क्रम त्यामुळे करून पाहण्यासारखा आहे.

किती मोठ्याने, किती वेळ

कानात घालायच्या यंत्रांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केलेले प्रमाण लक्षात ठेवावे. प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत आणि मुलांसाठी ७५ डेसिबल तितकाच वेळ. बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवीत नेला की ही मर्यादा केव्हा ओलांडली ते कळत नाही. शेजारी बसलेल्याचे साधे बोलणे ऐकू येत नसेल तर आवाज अधिक आहे, असे समजावे. झोपताना यंत्र कानात ठेवून निजू नये, वेळ संपताच आपोआप बंद होण्याची सोय वापरावी.

मूळ गोंगाटाविरुद्ध दाद मागण्याचीही तरतूद आहे. केंद्र सरकारच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्री १२ पर्यंत वाढवू शकते. तक्रार नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा ११२ या क्रमांकावर करता येते.